एकच गोळी, दोघी बहिणी

अक्का, तुझे डोळे मिटले नाहीत. हे कुणाला तरी सांगायचं होतं, पण ज्यांनी पाहिलं त्यांना सांगण्यात अर्थ नाही, आणि ज्यांनी पाहिलं नाही ते ऐकून घाबरतील. म्हणून तुलाच सांगते.

नगरच्या हॉस्पिटलातून तुला बेलापूरला आणलं, ओसरीवर ठेवलं. शेजारच्या कडूबाईनं रीतीप्रमाणे तुझ्या कपाळावरून हात खाली फिरवला. पापण्या अर्ध्यावर आल्या आणि हळूहळू वर गेल्या. तिनं पुन्हा हात फिरवला. पुन्हा तेच. मग तिनं हात मागे घेतला आणि पदराला पुसला. "जीव अडकलाय गं पोरीचा कशात तरी," मागून कुणीतरी म्हणालं. जिवाचा काही संबंध नव्हता. त्या पापण्या गेली तीन-चार वर्षं जिवंतपणीही पुरत्या मिटत नव्हत्या. डोळ्यांमागचं मांस सुजून डोळे पुढे आले होते, आणि झाकायला पापणी अपुरी पडत होती. मला ते माहीत होतं, तरी माझे हात पर्समध्ये गेले. मलमाची ट्यूब आणि चिकटपट्टी अजून तिथेच होती. तू दुपारी आडवी व्हायचीस तेव्हा मी जे करायचे तेच करायला लागले. दोन्ही डोळ्यांत मलमाची रेघ घातली, पट्टी तोडली. सगळ्या बायका बघत होत्या. मेलेल्या माणसाच्या डोळ्यांत औषध घालणारी बाई त्यांनी पाहिली नसेल.

आईनं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे सुमे," ती म्हणाली. "बघू दे तिला. बघायचं हुतं तवा दिसलं न्हाई."

मी पट्टी परत ठेवली. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, आणि तू उघड्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत प्रवरेच्या काठी गेलीस.

तेव्हापासून तू बघतेस. मागून नाही, समोरून. केडगावच्या माझ्या घरात मोरीजवळ जो छोटा आरसा आहे, त्यात. माझी डावी पापणी अजून उजवीपेक्षा जराशी वर असते, तेवढंच माझ्या दुखण्याचं उरलंय. सकाळी वेणी घालायला उभी राहिले की ती पापणी माझी वाटत नाही. मी आरशावर टॉवेल टाकते आणि हातानं चाचपून भांग पाडते. आप्पांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातल्या देवांबरोबर भुतंही घराबाहेर काढली, असं ते सांगायचे. त्यामुळे तुला भूत म्हणायची सोय नाही. मग तू काय आहेस, ते मला सांगता येत नाही.

तुझं दुखणं कधी सुरू झालं यावर आपला शेवटपर्यंत वाद होता. तू म्हणायचीस उन्हाळ्यात, मी म्हणायचे त्याच्या आधी, थंडीत. मला ती संक्रांतीची सकाळ आठवते. आई अंगावर घोंगडी घेऊन बसली होती आणि तू ओसरीवर पदरानं वारा घेत होतीस. चार भाकरी खाऊन उठलीस आणि पुन्हा टोपल्याकडे बघितलंस. तरी तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. "शाळेत काम लई आहे," तू म्हणालीस. आपण हसलो. चहाची बशी तुझ्या हातात थरथरली, कपावर किणकिणली. ते मी ऐकलं, पण मला काही कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. डॉक्टरांनी आधी अशक्तपणा म्हटलं, मग मन कमकुवत म्हटलं, मग कुणीतरी लग्न न झाल्याचं कारण काढलं. तुझ्या मानेवर हात ठेवून 'गिळा बघू' म्हणणारा डॉक्टर भेटेपर्यंत वर्ष निघून गेलं होतं, आणि तोवर तुझे डोळे बाहेर यायला लागले होते.

थायरॉईडच्या गोळ्यांनी बाकीचं सगळं ताळ्यावर आलं. छातीतली धडधड थांबली, हात स्थिर झाले, अंग भरलं. डोळे मात्र ऐकेनात. थायरॉईडची गाठ एक गोष्ट, डोळे दुसरी, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. शरीर स्वतःवरच उलटतं, मानेतल्या गाठीवर उलटतं तसं डोळ्यांमागच्या मांसावरही उलटतं, आणि एकीकडचं भांडण मिटलं म्हणून दुसरीकडचं मिटत नाही.

तू राहुरीच्या पुढे, धरणाकडच्या वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचीस. तिथल्या बायकांनी तुझ्यासमोरून तान्ही पोरं न्यायची बंद केली. "बाईंची नजर भेदती," असं बोललं जायला लागलं. मुख्याध्यापकांनी सभ्यपणे सुचवलं की तुम्ही थोडे दिवस रजा घ्या, पोरं बिचकतात. त्या दिवशी मी तुला दवाखान्यात न्यायला आले होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. तू रजा घेतली नाहीस. चौथीच्या वर्गात गेलीस, फळ्यावर खोबणीसकट हे एवढं मोठं डोळ्याचं चित्र काढलंस आणि सांगितलंस, "इथं मागं सूज आली की डोळ्याला जागा उरत नाही. मग तो पुढं येतो. म्हणून बाई टक लावून बघतात असं वाटतं. बाई रागावलेल्या नाहीत."

पहिल्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. "मंग बाई, तुमी खरंच रागावल्या तर आमाला कसं कळायचं?"

"मी सांगेन," तू म्हणालीस. "आता रागावलेय असं तोंडानं सांगेन."

पोरं हसली. त्यानंतर कुणी बिचकलं नाही. बायकांनी तान्ही पोरं आणायला मात्र बराच काळ घेतला.

पुण्याच्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आपण पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी तुला लाल झाकणाची बाटली दाखवली होती. आधी उजव्या डोळ्यानं बघ, मग डाव्या. "उजव्यानं लाल आहे," तू म्हणालीस. "डाव्यानं विटेसारखी दिसते." त्यांनी ती बाटली खाली ठेवली. मागची सूज आता नसेवर दाब देत होती. रंग आधी जातो, मग नजर. त्यांनी स्टेरॉईडच्या गोळ्या लिहून दिल्या, भरपूर.

त्या गोळ्यांनी तुझा चेहरा चंद्रासारखा गोल केला. पाठीला मांस आलं, झोप गेली, भूक वाढली. डोळे होते तिथेच राहिले. तुला एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या. राहुरीच्या स्टँडवर तू दोन एसट्या यायच्या बघायचीस, आणि खरी कोणती ते ओळखायला एक डोळा हातानं झाकायचीस. मग तू चष्म्याच्या एका काचेवर पांढरा कागद चिकटवलास. मग डोळ्यांमागे किरण दिले. थोडी सूज उतरली, थोडी आशा वाटली, मग पुन्हा होतं तसं झालं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून मागच्या हाडात जागा केली, पण त्या नसेनं फार सोसलं होतं. डाव्या डोळ्याला उजेड तेवढा कळायचा.

आणि मग माझी पाळी आली.

मला ते कळलं नव्हतं. त्या रविवारी तू नगरला आली होतीस, आपण माळीवाड्याच्या स्टँडवर उसाचा रस पीत उभ्या होतो. तू माझ्याकडे एका डोळ्यानं बघत होतीस, आणि बघताबघता तुझा ग्लास हातातच राहिला.

"खाली बघ," तू म्हणालीस. "माझ्या चपलांकडं. हळूहळू."

मी बघितलं.

"आता वर बघ."

"काय झालं?"

"पापणी मागं राहते तुझी," तू म्हणालीस. "डोळा खाली जातो आणि पापणी वरच राहते. उद्याच्या उद्या रक्त तपास."

मी चिडले. तुला सगळीकडे तुझंच दुखणं दिसतं, म्हणाले. तू वाद घातला नाहीस. माझ्या मानेवर दोन बोटं ठेवलीस, भर स्टँडवर, आणि म्हणालीस, "गीळ."

तुझं बरोबर निघालं. त्याच डॉक्टरीणबाई, त्याच गोळ्या, तेवढाच डोस. मी गोळ्या घ्यायला लागले, पण त्या गोळ्यांनी तुझं काय केलं ते मी पाहिलं होतं. मी तुझ्यासारख्या चेहऱ्याची वाट बघत बसले. तो आला नाही. महिना उलटायच्या आत डोळ्यांची लाली गेली, दुखणं गेलं, डोळे मागे बसायला लागले. टेलिफोन ऑफिसात मी ट्रंक बोर्डावर बसते, बाहेरगावचे कॉल जोडून देते. तिथल्या मैत्रिणी म्हणाल्या, सुमन, तू झोपून उठल्यासारखी दिसतेस. मला कुणाला सांगायची लाज वाटत होती, विशेषतः तुला.

तू ते ऐकून बेलापूरहून निघून आलीस. दारातच माझा चेहरा दोन्ही हातांत धरलास, माझे डोळे मिटायला लावलेस आणि पापण्यांवरून अंगठे फिरवलेस, जसं कुणी पीठ चाळून झाल्यावर हातानं बघतं, खडा राहिला का. "मिटतात," तू म्हणालीस. "पूर्ण मिटतात." तू इतकी खूश होतीस की मला तुझ्याकडे बघवेना. तुझा एक डोळा माझ्याकडे बघत होता आणि दुसरा माझ्या खांद्यापलीकडे, भिंतीकडे. मी तेव्हा चहा टाकते म्हणून आत गेले. तिथं मी रडले हे तुला कळलं असेल, तुला सगळं कळायचं. पण बाहेर आल्यावर आपण माझ्या सुजाच्या परीक्षेचं बोललो.

आईच्या मनानं मात्र भलतंच घेतलं. "धाकटीला लागू पडल्या," ती तुला म्हणायची, "तुलाच कशा गं न्हाई पडत? पथ्य पाळत नसशील."  एकाच आईची दोन लेकरं, एकच आजार, एकच औषध, आणि निकाल वेगळा. याचं उत्तर आईला पथ्यात सापडत होतं, वस्तीवरच्या बायकांना नजरेत, आणि तुला रक्तात शोधायचं होतं.

तो वाद आठवतो ना? आपला सगळ्यात मोठा, आणि अर्धाच राहिलेला. बेलापूरची दुपार, मधे भुईमुगाच्या शेंगांचा ढीग, आई भिंतीला टेकलेली. तू शेंगा बोटांनी चाचपून फोडत होतीस.

"पुण्याच्या डॉक्टरीणबाई रक्त मागतायत," तू म्हणालीस. "माझं आणि तुझं. तपासायला."

"कशासाठी?"

"पांढऱ्या पेशींवर म्हणे खुणा असतात. थोड्या आईकडून येतात, थोड्या आप्पांकडून. कुणाला हा रोग होतो आणि कुणाला औषध लागू पडतं, त्याचा त्या खुणांशी काही मेळ बसतो का, ते बघतायत."

"बसला मेळ, तर तुझा डोळा येणार आहे का?"

"नाही. मी विचारलं त्यांना. सरळ नाही म्हणाल्या."

"मग?"

"मग काय. आपल्यासारख्या दोघी त्यांना मिळत नाहीत, सुमे. एका घरातल्या, एका गोळीवरच्या. एक बरी झालेली आणि एक न झालेली."

मला तो शब्दच सहन झाला नाही. खूण. आपल्या आजोबांनी गावात कुठं उभं राहायचं, कुठल्या पाणवठ्यावर जायचं, हे त्यांच्या जन्मावरून ठरायचं. आप्पा सांगायचे, आम्ही ती खूण पुसली, रक्तात काही नसतं. त्याच आप्पांची शिकलेली लेक हात पुढे करून म्हणत होती, बघा आमच्या रक्तात काय आहे. मी तसंच बोलले. तावातावानं बोलले.

तू हातातली शेंग खाली ठेवलीस. "आप्पा म्हणायचे, रक्तानं माणूस उंच-नीच होत नाही," तू म्हणालीस. "थायरॉईडबद्दल आप्पा काही बोलले नव्हते."

आई हसली. मी नाही हसले. "सुजाचं लग्न व्हायचंय," मी म्हणाले. "उद्या कुणी म्हणालं, या घरातल्या बायकांच्या रक्तातच आहे, तर?"

"आताही म्हणतात की. माझं तोंड बघून म्हणतात. त्यासाठी पुण्याची तपासणी कशाला लागते?"

"लेखी कशाला द्यायचं मग त्यांच्या हातात?"

"आपण गप्प बसलो म्हणून रक्तातलं रक्तातून जाणार नाही," तू म्हणालीस. "आणि कदाचित नसेलही तिथं काही. पण नाही हेसुद्धा बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"तुझं तू बघ. मी देणार नाही."

तू एकटीच गेलीस. एकटी म्हणजे खरोखर एकटी, एका डोळ्यानं, पुण्याच्या गर्दीत. परत आलीस तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा होता. मला दाखवला नाहीस, पण झाकलाही नाहीस. बाईंनी तुला सांगितलं होतं की एकीच्या रक्तातून फार काही कळणार नाही, जोडी लागते. तू ते मला एकदाच सांगितलंस, पुन्हा कधी विषय काढला नाहीस. त्यापेक्षा तू रोज भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या पावसाळ्याअखेरीस उजव्या डोळ्याचा लाल रंगही विटकरी व्हायला लागला. हे तूच ओळखलंस, वर्गातल्या खडूंवरून. आता दुसरा इलाज नव्हता. बाईंनी तुझ्यासमोर आणि माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं की डोळा वाचवायचा तर स्टेरॉईड शिरेतून द्यावं लागेल, जोरात, आणि त्यात जोखीम आहे. तू म्हणालीस, "द्या. फळा दिसला पाहिजे." या खेपेला औषध थोडं लागू पडलं. उजवा डोळा वाचला. तू मला वर्तमानपत्राचा मथळा वाचून दाखवलास, मग त्याखालची बारीक ओळही वाचलीस. ते चार-सहा आठवडे आपण किती बोललो. तू पुढच्या वर्षी वर्गात काय काय करणार ते सांगत होतीस.

मग खोकला सुरू झाला. शुगर आधीच वाढलेली होती. आपण लहान असताना आप्पांना टीबी झाला होता, तेव्हा तू त्यांच्या अंथरुणाशी झोपायचीस, मी आजीकडे. आप्पा बरे झाले. डॉक्टर म्हणाले, तो जंतू तेव्हापासून तुझ्या छातीत गप्प पडून असावा, आणि डोळ्यांसाठी स्टेरॉईड देऊन शरीराचा पहारा उतरवला तसा तो उठला. डोळ्यांमागे जे सैन्य माजलं होतं तेच छातीची राखण करत होतं. इथलं निजवायचं तर तिथलंही निजतं. यात चूक कुणाची, हे मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही. बाई सांगत होत्या त्यात काही लपवलेलं नव्हतं, तू हो म्हणालीस ते समजून म्हणालीस.

शेवटच्या आठवड्यात तुझा आवाज अगदी खोल गेला होता. मी तोंडाला रुमाल बांधून तुझ्याशेजारी बसायचे, दुपारी तुझ्या डोळ्यांत मलम घालायचे. एकदा तू माझा हात धरलास. "सुजाची मान बघत जा मधून मधून," तू म्हणालीस. "घाबरवू नको तिला. नुसती बघ."

"तू बरी हो, मग तूच बघ."

"आणि ते रक्ताचं..."

"ते नको आता, अक्का."

"बरं," तू म्हणालीस.

ते बरं माझ्या कानात राहिलंय. मी बोर्डावर बसते, हजार आवाज ऐकते, लग्नं ठरल्याचे, माणसं गेल्याचे, कांद्याच्या भावाचे. दोन कॉलच्या मधे जी पोकळी असते त्यात ते ऐकू येतं. ते बरं रागाचं नव्हतं. रागाचं असतं तर तू सांगितलं असतंस. ते समजुतीचंही नव्हतं. तुला अजून काहीतरी म्हणायचं होतं, आणि मला वाटलं उद्या म्हणशील.

तू गेल्यावर मी पुण्याला गेले. तुला जिंकवायला गेले नव्हते, हे खरंच सांगते. मला घरात बसवेना म्हणून गेले. सुजा आता अकरावीला आहे. मी येते म्हणून हट्ट धरून बसली. शिरूरच्या पुढे तिनं खिडकीबाहेर बघत विचारलं, "आई, मावशीला झालं, तुला झालं. मला होईल का?"

या प्रश्नाला मी किती वर्षं भीत होते. तो आला तेव्हा एसटीत पुढच्या सीटवर कोंबडीची टोपली होती आणि कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून कुणाशी तरी हुज्जत घालत होता.

"माहीत नाही," मी म्हणाले. "झालं तर लवकर ओळखू."

"कसं ओळखायचं?"

मग मी तिला शिकवलं. खाली बघ, हळूहळू, आता वर बघ. मानेवर बोटं ठेव, गीळ. ती ते दोन-तीनदा करून बसली आणि मग झोपून गेली. ती घाबरली नाही. मीच पुण्यापर्यंत जागी राहिले.

डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. त्यांना तुझी बातमी कळली होती. "त्यांचा नमुना आम्ही बर्फात ठेवलाय," त्या म्हणाल्या. मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मग लागला. आम्ही बेलापूरला तुला अग्नी दिला, तुझी रक्षा प्रवरेत सोडली, आणि तुझा एक भाग पुण्यातल्या त्या इमारतीत बर्फात जागा होता, माझी वाट बघत. मी बाह्या वर केल्या. सुई टोचली तेव्हा मी तुझ्याशी काहीही बोलले नाही. बोलायला हवं होतं असं नंतर वाटलं.

निकाल यायला वेळ लागला. गेल्या मंगळवारी ऑफिसात शेजारच्या बोर्डावरची मैत्रीण म्हणाली, "सुमन, पुण्याचा कॉल आहे. दुसऱ्या कुणाचा नाही, तुझाच." मी माझ्याच हातानं वायर माझ्या बोर्डावर घेतली.

"सुमनताई, दोघींच्या खुणा आम्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या," बाई म्हणाल्या. "सख्ख्या बहिणींत बऱ्याचदा अर्ध्या जुळतात. कधी एकही जुळत नाही. तुमच्या सगळ्या जुळल्या."

"सगळ्या?"

"आम्हाला ज्या तपासता येतात तेवढ्या सगळ्या."

"मग मला औषध लागू पडलं आणि तिला नाही, ते कशामुळं?"

लाईनवर खरखर झाली. मला वाटलं कॉल तुटला.

"ते या खुणांवरून सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे कुठं तरी असेल, जे आम्हाला अजून बघता येत नाही. किंवा वेळेचा फरक असेल. त्यांचं निदान व्हायला फार उशीर झाला होता. तुमचं फार लवकर झालं. लवकर धरलं तर औषधाला वाव राहतो. पण खात्रीनं मी काहीच सांगू शकत नाही."

म्हणजे तू जिंकली नाहीस, अक्का, आणि मीही नाही. रक्तात असेल म्हणत होतीस, तर निदान जिथं बघितलं तिथं ते नाही. रक्तात काही नसतं म्हणत होते मी, तर तुझ्या-माझ्या रक्तात केवढं सगळं एक निघालं. आणि वेळेचंच असेल, तर माझं दुखणं कुणी डॉक्टरनं लवकर ओळखलं नव्हतं. स्टँडवर उसाचा रस पिता पिता एका अधू डोळ्याच्या बाईनं ओळखलं होतं. तुझं दुखणं ओळखायला तुझ्याआधी घरात कुणी आजारी पडलं नव्हतं, एवढाच आपल्यातला फरक. हे तू असताना मला कळलं असतं तर मी तुला काय म्हणाले असते, माहीत नाही. काहीतरी म्हणाले असते.

बाईंना वाटलं असावं मी रडतेय. त्यांचा आवाज मऊ झाला. "अशी जोडी कमी वेळा सापडते," त्या म्हणाल्या. "उद्या एखादीचं मूत्रपिंड निकामी झालं असतं, तर दुसरीचं तिला देता आलं असतं. शरीर सहसा दुसऱ्याचं अंग परकं मानतं, बाहेर टाकतं. तुमचं त्यांच्या शरीरानं बहुतेक आपलंच मानलं असतं."

मी त्यांचे आभार मानले, वायर काढली. बोर्डावर दुसरे दिवे लागले होते.

तुझी मूत्रपिंडं शेवटपर्यंत चांगली होती, अक्का. गेले ते डोळे, आणि मग फुप्फुसं. मला देता येईल असं तुला काही लागलंच नाही.